आधी निर्णय ठरवा, मग प्रश्नपत्रिका

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी प्रावीण्य चाचणी तयार करायला समिती बसली की पहिल्याच बैठकीत विषय निघतो तो प्रश्नांच्या प्रकारांचा. बहुपर्यायी किती, निबंध किती गुणांचा, ऐकण्याचा विभाग ठेवायचा की नाही, वेळ दीड तास की दोन. आराखडा मंजूर होतो, उतारे शोधायचं काम वाटून दिलं जातं आणि एक प्रश्न विचारायचा राहून जातो: या चाचणीचा निकाल हातात आल्यावर विद्यापीठ नेमकं काय करणार आहे? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर कागदावर स्पष्ट लिहून होईपर्यंत एकही प्रश्न काढू नये.

निकालावरून घेता येण्यासारखे निर्णय मोजकेच आहेत. प्रवेश द्यायचा की नाही. प्रवेश मिळालेल्यांपैकी कोणाला भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट द्यायची. कोणाला कसली मदत लागेल ते शोधायचं. पदवी देताना इंग्रजीची पातळी प्रमाणित करायची. वरवर पाहता या सगळ्यांना एकच चाचणी पुरेल असं वाटतं, पण तसं नसतं. प्रवेशाची चाचणी उत्तीर्णतेच्या रेषेच्या आसपास सर्वांत अचूक असावी लागते. रेषेच्या खूप वर असलेल्या विद्यार्थ्याची पातळी बारकाईने मोजून काही साधत नाही. मदत ठरवण्याच्या चाचणीत एकूण गुणांचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे हवं असतं ते विद्यार्थी कुठे अडतो याचं चित्र. आणि पदवीच्या वेळची चाचणी तर विद्यापीठाने मधल्या वर्षांत जे शिकवलं त्याच्याशी बांधलेली हवी, नाहीतर तो विद्यार्थ्यावर अन्याय आहे. तरीही प्रवेशाच्या वेळी मिळालेला एकच आकडा या चारही कामांसाठी वापरणारी विद्यापीठं कमी नाहीत.

सॅम्युएल मेसिक या मापनतज्ज्ञाने 1989 मध्ये जे सविस्तर मांडलं, त्याचं सार हेच होतं. चाचणी स्वतः वैध किंवा अवैध नसते. गुणांवरून आपण काढलेला अर्थ आणि त्यावरून उचललेलं पाऊल योग्य आहे की नाही, हे तपासायचं असतं. हे एकदा मान्य केलं, की अमुक चाचणी सगळीकडे चालते म्हणून आपणही घेऊ, हा युक्तिवाद उरत नाही.

इतिहासातही हे दिसतं. केंब्रिजने 1913 मध्ये सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी इन इंग्लिश ही परीक्षा सुरू केली तेव्हा तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. सुमारे 12 तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर होतं, निबंध होता आणि चक्क ध्वनिशास्त्रही होतं. आज हे विचित्र वाटतं, पण परदेशी शाळांमध्ये इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी ती परीक्षा होती, आणि शिक्षकाला उच्चारशास्त्र यायला हवं ही अपेक्षा त्या कामाशी सुसंगत होती. परीक्षा कठीण होती, पण ती कोणत्या निर्णयासाठी आहे हे तिला माहीत होतं.

पुढच्या पन्नास वर्षांत गरज बदलली. अमेरिकी विद्यापीठांकडे जगभरातून अर्ज येऊ लागले आणि हजारो विद्यार्थ्यांना एकाच मापाने, झटपट मोजायची वेळ आली. 1961 मध्ये भाषातज्ज्ञ रॉबर्ट लाडो यांनी भाषेचे उच्चार, शब्द, व्याकरण असे सुटे भाग करून एकेक भाग तपासण्याची पद्धत ग्रंथरूपात मांडली. त्याच वर्षी जॉन कॅरल यांनी इशारा दिला होता, की भाषा वापरताना हे सुटे भाग एकत्र काम करतात, तेव्हा तेही एकत्र तपासायला हवेत. 1964 मध्ये अशा परदेशी अर्जदारांसाठी टोफेल ही इंग्रजीची परीक्षा सुरू झाली ती मात्र बहुपर्यायी प्रश्नांवर उभी राहून. लेखनाची चाचणी तिला 1986 मध्ये जोडली गेली. बोलण्याचा विभाग मूळ परीक्षेत आला तो 2005 मध्ये, इंटरनेट आवृत्तीबरोबर. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं ज्या परीक्षेने विद्यार्थी विद्यापीठात जायला तयार आहे की नाही हे सांगितलं, तिने त्याला तोंड उघडायलाही सांगितलं नव्हतं. त्या काळात जगभरच्या तयारीच्या वर्गांमध्ये काय शिकवलं गेलं याचा अंदाज करणं कठीण नाही. परीक्षेत जे नसतं ते वर्गातही हळूहळू नसतं.

इथे एक सावधगिरी हवी. चार्ल्स ऑल्डरसन आणि डायॅन वॉल या भाषाचाचण्यांच्या अभ्यासकांनी 1993 मध्ये हाच प्रश्न उचलला होता, की परीक्षेचा शिकवण्यावर परिणाम होतो असं आपण गृहीत धरतो, ते खरंच कितपत खरं आहे? परीक्षा बदलली म्हणून शिकवणं आपोआप बदलत नाही. शिक्षकाला नव्या परीक्षेमागचा विचार समजलेला नसेल, तर तो जुन्याच पद्धतीने नवे नमुनाप्रश्न सोडवून घेतो. म्हणून चाचणी बनवणाऱ्यांचं काम प्रश्नपत्रिका छापल्यावर संपत नाही.

दुसरा धडा आयईएलटीएस या परदेशी शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या इंग्रजी चाचणीच्या पूर्वजाकडून मिळतो. 1980 मध्ये आलेल्या ईएलटीएस या चाचणीत विद्यार्थ्याच्या विद्याशाखेनुसार वेगवेगळे विभाग होते. वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी वैद्यकीय उतारा वाचणार, समाजशास्त्राचा सामाजिक. कल्पना मोहक होती. पण विद्याशाखांच्या सीमा कुठे आखायच्या, आणि एखाद्याला उतारा कळला तो भाषेमुळे की विषय आधीच माहीत असल्यामुळे, हे सोडवता येईना. 1989 मध्ये आयईएलटीएस आली तेव्हा असे विभाग तीनवर आले, आणि कॅरोलाइन क्लॅफम यांच्या संशोधनानंतर 1995 मध्ये सर्वांसाठी एकच शैक्षणिक विभाग ठेवला गेला. त्याच वेळी आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी होते: तोवर वाचनाच्या उताऱ्यांचा आणि लेखनाच्या विषयाचा असलेला धागा तोडण्यात आला. कारण समजण्यासारखं होतं. वाचन कच्चं असलेल्याचे लेखनातले गुणही बुडू नयेत. पण त्याची किंमत मोठी होती. विद्यार्थी आता काही न वाचता, डोक्यातून, एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर स्वतःचं मत लिहू लागला.

विद्यापीठात असं लेखन कोण मागतं? कोणत्याही विषयाचा प्राध्यापक चाळीस मिनिटांत, एकही संदर्भ न वाचता, तुझं मत लिही असं सांगत नाही. तो म्हणतो, हे दोन लेख वाच, त्यांचं कुठे जुळतं आणि कुठे खटकतं ते मांड, आणि तुझ्या निष्कर्षाला आधार दे. विद्यार्थी अडतात ते इथेच. वाक्यं बिनचूक लिहिणारी मुलंसुद्धा दुसऱ्याचं म्हणणं आणि स्वतःचं म्हणणं वेगळं ठेवू शकत नाहीत, वाक्यं जशीच्या तशी उचलतात, आणि मग त्यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप येतो. हे कौशल्य चाचणीत कुठेच तपासलेलं नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की विद्यापीठाच्या स्वतःच्या चाचणीत लेखनाचा मुख्य प्रश्न वाचलेल्या आणि ऐकलेल्या मजकुरावर आधारलेलाच असावा. 2005 च्या टोफेलमध्ये असा एक प्रश्न होता: छोटा उतारा वाचा, त्यातल्या मुद्द्यांना आव्हान देणारं व्याख्यान ऐका, आणि दोन्हींचा संबंध लिहून दाखवा. त्या दिशेचा तो चांगला प्रयत्न होता.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग लेखनाचे गुण नेमके कशाचे? व्याख्यान नीट ऐकू आलं नाही म्हणून लेखन पडलं असेल तर? आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर पुन्हा निर्णयातच आहे. प्रवेश ठरवायचा असेल तर हे मिश्रण चालतं, कारण वर्गातही त्या विद्यार्थ्याला हे सगळं एकत्रच करावं लागणार आहे. मदत ठरवायची असेल तर मात्र ऐकण्याचे आणि वाचण्याचे स्वतंत्र गुण सोबत हवेत, म्हणजे अडचण कुठे सुरू झाली ते कळेल.

आता एक प्रश्न जवळून पाहू, कारण चाचणीचं भलंबुरं शेवटी प्रश्नाच्या पातळीवर ठरतं. समजा उतारा असा आहे: संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, हाताने टिपणं काढणाऱ्यांनी संकल्पनांवरच्या प्रश्नांची उत्तरं थोडी बरी दिली, मात्र गट लहान होता, आणि टिपणं कशी काढायची हे विद्यार्थ्यांनी स्वतःच निवडलं होतं, म्हणून हा फरक दुसऱ्या एखाद्या कारणामुळेही असू शकतो. यावर सर्रास येणारा प्रश्न म्हणजे, अभ्यासात किती विद्यार्थी होते? उताऱ्यातला आकडा शोधला की गुण मिळाला. इंग्रजीतलं एक वाक्यही न समजता हे जमतं.

आता दुसरा प्रश्न घ्या. हाताने लिहिल्यामुळे समज वाढते, हे विधान लेखक मान्य करतील का? पर्याय चार. पहिला: हो, कारण फरक दिसला. दुसरा: नाही, कारण फरक उलट दिशेने होता. तिसरा: इतक्यात नाही, कारण पद्धत विद्यार्थ्यांनी स्वतः निवडली होती. चौथा: नाही, कारण दोन गटांची संख्या असमान होती. यातला प्रत्येक चुकीचा पर्याय वाचनातली एक विशिष्ट चूक पकडतो. पहिला पर्याय निवडणाऱ्याला लेखकाने घेतलेली सावध भूमिका दिसलीच नाही. दुसरा निवडणारा वाक्यरचनेत गोंधळला. चौथा निवडणाऱ्याने गट लहान होता हे वाचलं आणि मनात ते असमान होता असं करून टाकलं. या विद्यार्थ्यांना द्यायची मदत वेगवेगळी आहे, आणि ती काय असावी हे त्यांच्या चुकाच सांगतात. चुकीचे पर्याय लिहायला अचूक पर्यायाच्या तिप्पट वेळ द्यावा तो याचसाठी.

पण हाही प्रश्न निर्दोष नाही. संख्याशास्त्र शिकलेला विद्यार्थी उतारा न वाचताच तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवील. ईएलटीएसला भेडसावणारी अडचण ती हीच. म्हणून प्रश्न वापरण्यापूर्वी तो एका गटाला उताऱ्याशिवाय देऊन पाहावा. निम्म्याहून जास्त जण बरोबर उत्तर देत असतील तर प्रश्न बदलावा. आणि पूर्वचाचणीत, म्हणजे प्रश्न आधी थोड्या विद्यार्थ्यांवर आजमावून पाहताना, एकूण गुणांत वर असलेले विद्यार्थीच जर चुकीच्या पर्यायाकडे जात असतील, तर दोष त्यांचा नसून प्रश्नाचा आहे असं समजून तो काढून टाकावा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं श्रेय कोणाला मिळत नाही आणि म्हणूनच ते टाळलं जातं.

लेखनाच्या तपासणीत वेगळाच पेच असतो. दोन उत्तरपत्रिका समोर ठेवा. पहिलीत ए, ॲन, द ही उपपदं जागोजागी चुकली आहेत, क्रियापदांचे काळ डळमळतात, पण दोन्ही लेखांमधला विरोध विद्यार्थ्याने नेमका पकडला आहे आणि कोणाचा पुरावा भक्कम ते सांगितलं आहे. दुसरीत व्याकरणाची एक चूक नाही. सुरुवात सफाईदार, परिच्छेद आखीव, फर्दरमोर आणि इन कन्क्लूजन जागच्या जागी. पण नीट पाहिलं तर ती वाक्यं कोणत्याही विषयाला चालतील अशी पाठ केलेली आहेत, आणि दोन लेखांचा एकमेकांशी काय संबंध हे कुठेच आलेलं नाही. जास्त गुण कोणाला? मी पहिलीला देईन, आणि ठामपणे देईन. पण दुसरा परीक्षक तितक्याच ठामपणे दुसरीला देऊ शकतो, आणि गुणदानाच्या निकषांत याचं उत्तर लिहिलेलं नसेल तर विद्यार्थ्याचं भवितव्य त्याची उत्तरपत्रिका कोणाच्या टेबलावर गेली यावर अवलंबून राहतं. निकष लिहिताना चांगलं, समाधानकारक, उत्तम अशी विशेषणं काही कामाची नाहीत. अशा खऱ्या उत्तरपत्रिका निकषांना जोडाव्यात, त्यांना किती गुण आणि का दिले ते लिहावं, आणि प्रत्येक सत्रापूर्वी परीक्षकांनी त्या पुन्हा एकत्र बसून तपासाव्यात.

यंत्राकडून गुणदान करून घेण्याची ओढ आता सगळीकडे आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकवलेले लेस पेरेलमन यांनी 2014 मध्ये बेबल नावाची एक प्रणाली तयार करून घेतली होती. दोन-तीन शब्द दिले की ती लांबलचक, भारदस्त आणि पूर्णपणे निरर्थक निबंध लिहून देई, आणि गुणदान करणारी यंत्रं त्याला वरचे गुण देत. यंत्रं तेव्हापासून सुधारली आहेत. तरी वर सांगितलेल्या दुसऱ्या उत्तरपत्रिकेला फसणं हा त्यांचा मूळ धोका आहे. माणसाच्या जोडीला दुसरा तपासनीस म्हणून यंत्र ठेवायला माझी हरकत नाही. एकट्या यंत्राच्या आकड्यावर कोणाचा प्रवेश नाकारू नये.

उत्तीर्णतेच्या रेषेबद्दल विद्यापीठं सर्वांत कमी विचार करतात. आयईएलटीएसमध्ये साडेसहा बँड (त्या चाचणीतले गुण) हवेत, सात हवेत असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते कुठून आलं विचारलं तर शेजारच्या विद्यापीठात तेवढेच आहेत असं कळतं. आयईएलटीएसचे कर्ते स्वतः ही रेषा प्रत्येक संस्थेने आपल्या गरजेनुसार ठरवावी असंच सांगत आले आहेत. आणि कोणत्याही गुणात मापनाची चूक असतेच. समजा एका चाचणीत गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा पसारा, 10 आहे आणि विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा मोजल्यास तसेच गुण येण्याची खात्री, 1 पैकी 0.91, म्हणजे चांगलीच. तरीही मापनाची प्रमाण चूक, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या पातळीपासून साधारण जितके इकडेतिकडे होतात ते अंतर, 3 गुणांची येते. रेषा 60 ची असेल, तर 58 मिळालेला आणि 62 मिळालेली यांच्यात खरोखर फरक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही. पण एकाला प्रवेश मिळत नाही आणि दुसरीला मिळतो. रेषेच्या जवळच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा पुरावा मागवणं, एखादा आणखी लेखननमुना किंवा दहा मिनिटांची मुलाखत, हे विद्यापीठाचं कर्तव्य मानायला हवं. रेषा आखण्यासाठी मापनतज्ज्ञ विल्यम अँगॉफ यांची 1971 पासून प्रचलित असलेली पद्धत आहे: जेमतेम तयार असलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणायचा आणि तो प्रत्येक प्रश्न सोडवण्याची शक्यता किती हे तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे नोंदवायचं. यात विषय शिकवणारे प्राध्यापक असलेच पाहिजेत. भाषाविभागाने एकट्याने ठरवलेली रेषा भौतिकशास्त्राच्या वर्गात काय लागतं याबद्दल फारसं सांगत नाही.

आतापर्यंतचं बरंचसं प्रवेशाबद्दल झालं, पण माझ्या मते विद्यापीठाने आपली शक्ती लावावी ती प्रवेशानंतरच्या चाचणीवर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाची डेल्ना ही चाचणी याचं चांगलं उदाहरण आहे. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, मातृभाषा इंग्रजी असलेलेसुद्धा, आधी शब्दसंग्रह आणि वाचनाचा वेग पाहणारी छोटी चाळणी देतात. त्यात मागे राहिलेल्यांनाच ऐकणं, वाचणं आणि लेखनाची सविस्तर निदान चाचणी दिली जाते. निकालाचा प्रवेशावर परिणाम होत नाही. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठात आल्बर्ट वाइडमन आणि सहकाऱ्यांनी टॅल ही चाचणी इंग्रजीत, आणि तिचीच जोडचाचणी तिथल्या आफ्रिकान्स भाषेत तयार केली. आलेख वाचणं, कारण आणि परिणाम वेगळे करणं, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं ओळखणं, हे त्यात तपासलं जातं. या दोन्हींमागची समज मला फार मोलाची वाटते: अभ्यासाची भाषा घरात शिकलेल्या भाषेसोबत आपोआप येत नाही. शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि शैक्षणिक भाषा यांत केलेला फरक इथे लागू पडतो. सफाईदार बोलणारा विद्यार्थी वीस पानांच्या लेखात हरवू शकतो. फक्त परक्या भाषेतून आलेल्यांनाच चाचणीला बसवलं, की ती त्यांच्यावरचा ठपका होते, आणि हरवलेला बोलका विद्यार्थी कोणाला दिसतच नाही.

लेखन करून देणारी साधनं हाताशी आल्यावर या सगळ्याची गरज काय, असं विचारणारे आहेत. साधनाने लिहून दिलेल्या परिच्छेदात मूळ लेखकाची सावध भूमिका ठाम दाव्यात बदलली आहे हे ज्याला ओळखता येत नाही, तो त्या साधनाच्या हवाली झालेला असतो. माझ्या दृष्टीने त्यामुळे वाचनाचं आणि मजकूर पारखण्याचं वजन वाढवावं लागेल, आणि लेखनाचा काही भाग देखरेखीखाली घ्यावा लागेल.

राहिला पैशाचा प्रश्न. दोन परीक्षक, पूर्वचाचणी, प्रत्येक विद्यार्थ्याला निकाल समजावून सांगणारा सल्लागार, हे स्वस्त नाही, आणि बहुतेक विद्यापीठांकडे याला पुरेल इतका निधी नसतो. तेव्हा काटछाट करावी लागेल, पण ती योग्य ठिकाणी व्हावी. व्याकरणाच्या सुट्या प्रश्नांचा विभाग पूर्ण काढून टाकला तरी फार बिघडत नाही. वाचनातले प्रश्न चाळीसवरून पंचवीस करावेत, पण प्रत्येक प्रश्न आधी पारखलेला असावा. बोलण्याची चाचणी ज्या शाखांत खरोखर लागते तिथेच ठेवावी. लेखन मात्र दोघांनी स्वतंत्रपणे वाचलेलं असावं, आणि कुठे अडतंय व त्यासाठी कोणता वर्ग आहे हे सांगणारा निकाल पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विद्यार्थ्याच्या हातात पडावा, कारण त्यानंतर पहिले गृहपाठ जमा करायची वेळ येते.